राज्य कुणावर?

ख्रिस्ताला राजा म्हणणारं एक लेखन शुभवर्तमानात तीन भाषांमधलं आहे, आणि ते लिहवून घेणारा माणूस त्याचा भक्त नाही. योहान सांगतो की वधस्तंभावर पिलाताने एक पाटी लावली. इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत तिच्यावर आरोपीचं नाव होतं, गाव होतं आणि तो यहूद्यांचा राजा असल्याचं लिहिलेलं होतं. मुख्य याजकांनी लगेच एक दुरुस्ती सुचवली. सरळ ‘राजा’ असं लिहू नका, ‘मी राजा आहे असं हा म्हणाला’ असं लिहा. अनुवादकाला ही दुरुस्ती फार ओळखीची वाटते. मजकूर तोच ठेवायचा, फक्त त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या तोंडी टाकायची. पिलाताने ती नाकारली, आणि थट्टेने लिहिलेलं विधान तीन भाषांत तसंच राहिलं.

ख्रिस्ताला राजा म्हणणाऱ्याने ही पाटी विसरू नये असं मला वाटतं. तिच्याखालचा माणूस त्या क्षणी कुणालाही हुकूम देण्याच्या स्थितीत नव्हता. त्याचे कपडेसुद्धा शिपायांनी वाटून घेतले होते.

हा विषय माझ्यापुढे आला तो एका शब्दाच्या निमित्ताने. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. ‘उपासना-संगीत’मधली गीतं मला कवितेच्या पुस्तकाआधी पाठ होती. पुढे कोलकात्याला तौलनिक साहित्य शिकले, आणि आता बरीच वर्षं हैदराबादला राहून अनुवाद करते. एका इंग्रजी भक्तिपर पुस्तिकेचं काम आलं. तिचं सांगणं थोडक्यात असं, की रोजच्या जगण्यात माणूस स्वतःच स्वतःचा राजा असतो, आणि ख्रिस्ती होणं म्हणजे ते राज्य ख्रिस्ताच्या स्वाधीन करणं. इंग्रजीत हे वाक्य कुठेही अडत नाही. मराठीत ते पहिल्याच शब्दाला अडतं, कारण स्वतःच्या राज्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे स्वराज्य.

हा शब्द शिवकाळापासून आपल्या बोलण्यात आहे. लोकमान्यांनी त्याला जन्मसिद्ध हक्क ठरवलं. गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्याला आतल्या बाजूने उलगडलं आणि ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्याचंच स्वराज्य, असा अर्थ दिला. म्हणजे हा शब्द आपल्याकडे राजकीयही आहे आणि आत्मिकही. मराठी वाचकाला ‘स्वराज्य सोडा’ असं कसं सांगायचं? सांगणारा परका वाटेल, आणि ख्रिस्ती माणसाला मराठीत परकं ठरवायला निमित्त शोधावं लागत नाही.

सोपा मार्ग होता. ‘मीपणा सोडा’ किंवा ‘अहंकार टाका’ असं लिहिलं की मराठी वाचक मान डोलावतो. संतांनी हे शतकानुशतकं सांगितलं आहे. पण तो अनुवाद मला पटेना. मीपणा मनातल्या मनात असतो, आणि सोडल्याचं समाधानही मनातल्या मनात घेता येतं. राज्याला मात्र प्रजा लागते. ज्याच्या हुकमाने कुणीतरी उठतं-बसतं, तोच राजा. माणूस स्वतःचा राजा असतो असं म्हणताना आपण एक गोष्ट नजरेआड करतो. एकट्या माणसाचं राज्य नसतंच. स्वतःचा राजा म्हणवणारा माणूस घरात, कचेरीत, वादात, पैशाच्या व्यवहारात कुणावर तरी राज्य करत असतो.

‘राज्य’ हा शब्द आपल्या बहुतेक भाषांत आहे, पण सगळीकडे तो सारखा वागत नाही. मल्याळममध्ये राज्यम् म्हणजे देश. मराठीत तो लाल एसटीच्या अंगावरही असतो आणि प्रार्थनेतही असतो. ग्रीक मूळ शब्द बासिलेया. त्याचा अर्थ राजाची सत्ताही होतो आणि त्याचा मुलूखही होतो. इथपर्यंत मराठी त्याला तोलामोलाने साथ देते. पण मराठीजवळ त्याहून एक जास्तीचा अर्थ आहे, आणि तो मुलांनी दिलेला आहे. लपंडाव असो की डबा ऐसपैस, मुलं आधी चकतात, आणि शेवटी राहिलेल्यावर राज्य येतं. राज्य आलेला मुलगा राजा नसतो. त्याने भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचे, बाकीच्यांना लपायला वेळ द्यायचा, मग दमेपर्यंत एकेकाला शोधत हिंडायचं. राज्य कुणालाच नको असतं. कधीकधी मात्र कुणी घेईना म्हटल्यावर एखादी मुलगी म्हणते, ‘बरं, मी घेते राज्य.’

मला हा अर्थ शुभवर्तमानाच्या फार जवळचा वाटतो. परराष्ट्रीयांचे राजे लोकांवर धनीपण गाजवतात, तुमचं तसं नसावं, तुमच्यातला मोठा सेवा करणाऱ्यासारखा असावा, असं येशू शिष्यांना शेवटच्या भोजनाच्या वेळी बजावतो. लूकने ते नोंदवलं आहे. योहानाच्या वृत्तान्तात तोच येशू त्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आणि बायबल एकंदरीतच राजांबद्दल भाबडं नाही. इस्राएल लोक शमुवेलाकडे राजा मागायला येतात तेव्हा तो त्यांना राजा काय काय नेईल याची यादीच ऐकवतो. मुलगे रथांसाठी, मुली स्वयंपाकासाठी, चांगली शेतं, धान्याचा दहावा भाग, आणि शेवटी तुम्ही स्वतः त्याचे दास. जो राजा घेतो त्याच्याबद्दलचा हा इशारा आहे. ख्रिस्ताला राजा म्हणायचं तर तो राज्य ‘करणारा’ की राज्य ‘घेणारा’, हे आधी ठरवावं लागतं.

इथवरचं सगळं भाषेच्या पातळीवर गोड आहे. पण माझ्या घरात या शिकवणीला दुसरी एक बाजू आहे, आणि ती टाळून हा निबंध लिहिणं अप्रामाणिक होईल.

माझी एक आत्या लग्नानंतर चार वर्षांनी माहेरी आली. नवरा दारू पिऊन मारत असे. घरच्यांनी एका पाळकांना बोलावलं. त्यांनी बायबल उघडून तिला सांगितलं, की तू स्वतःच्या इच्छेने चालू पाहतेस, तुझी इच्छा प्रभूला वाहा आणि नांदायला जा. खोलीतल्या सर्वांत कमी सत्ता असलेल्या माणसाला सत्ता सोडायला सांगितलं जात होतं. ज्याच्या हातात काठी होती त्याला त्या दिवशी कुणी राज्य सोडायला सांगितलं नाही. तो तिथे नव्हताही.

वॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने १९६० साली एका निबंधात नेमका हाच प्रश्न मांडला. धर्मशास्त्र लिहिणारे बहुतेक पुरुष, त्यामुळे त्यांनी आपला अनुभव साऱ्या मानवजातीचा समजून गर्व आणि सत्तेची हाव यांना मूळ पाप ठरवलं आणि आत्मत्यागाला औषध ठरवलं. पण ज्या बाईचं आयुष्य आधीच इतरांसाठी तुकड्यातुकड्यांनी संपत आलंय तिला हे औषध दिलं तर आजारच वाढतो. तिचं पाप, असलंच तर, स्वतःला कधी उभंच न करणं हे आहे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाकडे पाहताना मला हा प्रश्न आणखी रुंद झालेला दिसतो. आमच्यातले पुष्कळ लोक ज्या जातींमधून आले त्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्वराज्य नव्हतंच. पौल स्वतःला ख्रिस्ताचा दुलोस म्हणवतो. ग्रीकमध्ये त्याचा साधा अर्थ गुलाम. मराठी बायबल त्यासाठी दास म्हणतं, आणि दास म्हटलं की आपल्या मनात भक्तीचा ओलावा येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिलं तेव्हा त्यांना तो ओलावा नको होता. ज्याने खरी गुलामगिरी पाहिली आहे त्याला ‘दास हो’ असं सांगताना तोंडाला थरथर सुटली पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी बुद्धाला मोक्षदाता नव्हे तर मार्गदाता म्हटलं, यामागेही हीच सावधगिरी असावी असं मला वाटतं. माणसाने पुन्हा कुणाच्या चरणी स्वतःला टाकू नये.

मग ही शिकवणच टाकून द्यावी का? तसं करण्याआधी मी एका बाईकडे वळते, जिने दोन्ही गोष्टी केल्या. आधी कुणापुढे वाकायचं नाही हे ठरवलं, आणि नंतर एकापुढे वाकली.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि इतरांशी त्यांनी पुढची काही वर्षं केलेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना मला अजून चकित व्हायला होतं. पंचविशी-सत्ताविशीतली, परदेशात, परक्या भाषेत, पदरात लहान मुलगी असलेली ही विधवा ज्यांच्या आश्रयाला आहे त्यांच्याशीच वाद घालते. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, तो पटवून द्या म्हणते. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला. ज्या गोष्टीला वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नव्हती, तिला हे लोक का घेतात, असं त्या विचारतात. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता दुसरं तसलंच जोखड देवाच्या नावाने मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर आहे.

आणि हीच बाई १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत सांगते, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे आठेक वर्षांनी, भारतात परतल्यावर आणि शारदा सदन सुरू झाल्यावर सापडला. त्यानंतर त्यांनी स्वतःला संपूर्ण त्याच्या हवाली केलं. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या मुली आल्या, आणि उतारवयात इब्री आणि ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या. ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

या दोन रमाबाईंमध्ये मला विसंगती दिसत नाही. पहिलीशिवाय दुसरी झालीच नसती. जिने आपली सदसद्विवेकबुद्धी बिशपांना दिली नाही तिच्याजवळच ख्रिस्ताला द्यायला काहीतरी शिल्लक राहिलं. ज्याच्याकडून आधीच सगळं हिसकावून घेतलंय तो काय वाहणार? शिवाय राजा एकच असेल तर मधल्या कुणालाही राजेपण मिळत नाही, बिशपाला नाही, नवऱ्याला नाही, पाळकालाही नाही. स्वाधीन होण्याची खरी शिकवण मध्यस्थाला काहीच देत नाही. कुणीतरी तुमच्या शरणागतीची पावती फाडून देऊ लागला, तर ती रक्कम राजापर्यंत पोचत नाही असं खुशाल समजावं.

आत्या परत नांदायला गेली नाही. परिचारिकेचं शिक्षण घेऊन तिने निवृत्तीपर्यंत नोकरी केली. ती देवाला सोडून गेली असं घरातले काही जण म्हणत. रात्री पाळी संपल्यावर ती गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायची हे मी पाहिलेलं आहे. मी कॉलेजात असताना तिला विचारलं होतं, तू प्रभूचं ऐकलं नाहीस असं तुला कधी वाटतं का? ती म्हणाली, ‘अगं, त्याचंच ऐकलं. ते बोलत होते ते दुसऱ्याच कुणाचं होतं.’

म्हणजे कसोटी काय? इथे मला लक्ष्मीबाई टिळकांचा आधार घ्यावासा वाटतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. शेवटी १९१७ मध्ये तर ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला. त्यांच्या रचनांमधला ख्रिस्त राजापेक्षा माउली आणि गुरू होऊन येतो. त्यांच्या समर्पणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या समर्पणाचा घरखर्च कोण भरत होतं हेही दिसतं. पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे, अंगातल्या लहरीवर ते कधीही कुठेही निघून जात, आणि मागे चूल चालती ठेवण्याचं काम लक्ष्मीबाईंवर येई. त्या हे हसत सांगतात, म्हणून ते हलकं होत नाही. सर्वस्व सोडणाऱ्याने सोडलेल्या वस्तू कुणीतरी उचलून ठेवत असतं.

खुद्द लक्ष्मीबाईंचं राज्य सोडणं अगदी वेगळ्या ठिकाणी घडलं. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी आपलं सोवळं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना वाटलं, की या जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या आहेत. त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. हे बाप्तिस्म्याच्या आधीचं. त्यात दर्शन नाही, अश्रू नाहीत. पाण्याच्या एका भांड्याचा प्रश्न आहे. पण ब्राह्मण बाईचं पिढीजात राज्य त्या भांड्यातच होतं. कुणी शिवायचं, कुणी दूर राहायचं, हे ठरवण्याची सत्ता तिच्या हातात होती, आणि ती तिने खाली ठेवली. ख्रिस्ताचं राज्य येणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

त्यावरून मला जे समजलं ते असं. स्वतःवरचं राज्य ख्रिस्ताला दिलं की नाही हे स्वतःच्या आत पाहून कळत नाही. ते आपल्या प्रजेला विचारावं लागतं. माझ्यामुळे ज्यांना वाकावं लागत होतं त्यांचा कणा थोडा सरळ झाला का? झाला नसेल, तर मी काय वाहिलं म्हणते त्याला फारसा अर्थ नाही. आणि ज्याची कुणीच प्रजा नाही, जो सगळ्यांच्या हुकमाखाली आहे, त्याने आधी उभं राहायचं आहे. त्याच्या बाबतीत उभं राहणं हेच एका राजाला मानणं आहे.

इग्नेशियस लोयोलाच्या परंपरेत दिवसाचा आढावा घेण्याची पद्धत आहे. मी त्या पंथातली नाही, पण ही पद्धत मी उसनी घेतली आहे. फक्त रात्री माझ्या भावनांचा आढावा घेण्याऐवजी मी एक नकाशा पाहते. आज माझं राज्य कुठे कुठे चाललं? घरकामाला येणाऱ्या अक्कांची सुट्टी माझ्या मर्जीवर असते की आधी ठरलेली आणि भरपगारी? आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने किती वाजता जेवावं, खिडकी उघडी ठेवावी की बंद, हे कोण ठरवतं? मुलीने इंटरला कोणता ग्रुप घ्यावा यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर शेवटचा शब्द कुणाचा? नव्या अनुवादकाचा मजकूर माझ्याकडे तपासायला येतो तेव्हा लाल खुणांतल्या किती चुका आहेत आणि किती फक्त माझी आवड? हे प्रश्न लहान आहेत. पण माझं साम्राज्य एवढंच आहे, आणि सम्राटांच्या पापांपेक्षा ते मला जास्त लागू आहे.

अर्थात सगळी सत्ता खाली ठेवता येत नाही. आईला रक्तदाबाची गोळी द्यावीच लागते, तिला नको असली तरी. सोळा वर्षांच्या मुलीला काही वेळा नाही म्हणावं लागतं. त्यासाठी मराठी बायबलमध्ये एक चांगला शब्द आहे, कारभारी. कारभाऱ्याच्या हातात सगळं असतं, पण त्याला हिशेब द्यायचा असतो. सत्ता वापरावी लागली तर ती दुसऱ्याची ठेव म्हणून वापरायची, आणि हिशेब तयार ठेवायचा.

पण या शब्दातली मेख मराठी माणसाला सांगायला नको. आपल्या इतिहासात कारभारी मोठे झाले आणि राजा साताऱ्याला राहिला. शिक्क्यावर नाव छत्रपतींचं, हुकूम पुण्याचा. ख्रिस्ती जगण्यातला सगळ्यात मोठा धोका मला हाच दिसतो. ख्रिस्ताला कुणी उघड पदच्युत करत नाही. त्याला मानाने साताऱ्याला ठेवलं जातं, आणि त्याच्या शिक्क्याने आपला कारभार चालतो. ‘प्रभूची इच्छा’ हा तो शिक्का. मुलांच्या लग्नात, मंडळीच्या निवडणुकीत, मालमत्तेच्या भांडणात तो किती सहज उठतो हे आमच्या समाजात कुणालाही विचारा. आत्याच्या कागदावरही तोच उठला होता.

मोठ्या पटावर हेच घडतं. रोममध्ये मुसोलिनी सत्तेवर असताना, डिसेंबर १९२५ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्त राजाचा सण सुरू केला. माणसांच्या राज्यांवर एक राजा आहे याची त्यात आठवण होती. १९३४ साली जर्मनीतल्या बार्मेन इथे प्रोटेस्टंट मंडळींनी जाहीर केलं, की आयुष्याचा कोणताही भाग ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या धन्याच्या मालकीचा नाही. हिटलर सत्तेवर असताना हे म्हणायला छाती लागत होती. तरीही त्या घोषणेत ज्यूंच्या छळाबद्दल एक शब्द नव्हता, आणि तिचा मुख्य लेखक कार्ल बार्थ याला पुढे त्याची खंत वाटली. राजाचा अधिकार मंडळीने ठामपणे राखला, पण तो राजा ज्या लोकांचा होता ते पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं असूनही वाचायचं राहिलं. राजाशी निष्ठा आणि शेजाऱ्याबद्दल मौन, ही दोन्ही एकाच कागदावर नांदू शकतात. म्हणून मी पुन्हा त्याच कसोटीशी येते. राजाबद्दल काय म्हटलं हे वाचून झालं, की प्रजेचं काय झालं ते पाहावं.

कुणी म्हणेल, प्रजासत्ताकाच्या नागरिकाला राजा हवाच कशाला? माउली पुरेशी नाही का, मित्र पुरेसा नाही का? योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतोच. मलाही तो शब्द जास्त प्रिय आहे. पण माउली मला जवळ घेते. माझ्या हातातली काठी ती काढून घेईलच असं नाही, आणि आपल्याकडच्या लाडक्या मुलग्यांना हे चांगलं माहीत आहे. राजा हा शब्द माझ्या सत्तेशी थेट बोलतो. या सिंहासनावर दुसरा कुणीतरी आहे, तू उठ, असं तो म्हणतो. हा कठोरपणा मला हवा आहे. माझ्यासाठी, आणि आत्याला नांदायला पाठवणाऱ्यांसाठीही.

अनुवादाच्या कामात हे थोडं रोज कळतं. मूळ लेखकाच्या स्वाधीन व्हावं लागतं. त्याचं वाक्य मला आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. पण ज्याची स्वतःची मराठी दुबळी आहे त्याला स्वाधीन होण्याचा उपयोग नाही, त्याचा अनुवाद मूळ भाषेची सावली होऊन पडतो. आपलं सगळं बळ शाबूत ठेवून ते दुसऱ्याच्या शब्दाला वापरायला द्यायचं असतं. ते बळ कुणी काढून घेतलं, तर अनुवादही होत नाही आणि समर्पणही.

पुस्तिकेचं काम पूर्ण झालं. ‘स्वराज्य’ हा शब्द मी तिच्यात कुठेही घातला नाही. तो ज्यांना आजवर मिळाला नाही त्यांच्यासाठी राखून ठेवावा असं वाटलं. त्या वाक्यात मी ‘दुसऱ्यांवरचं आपलं राज्य’ असं लिहिलं, आणि समासात संपादकांसाठी कारण नोंदवलं. मुळात ‘दुसऱ्यांवरचं’ हा शब्द नाही. संपादकांचा फोन आला. त्यांना वाटत होतं की तो काढावा, वाक्य आटोपशीर होईल. मी म्हटलं, पाटीवर जे लिहिलं ते लिहिलं. ते हसले, आणि तो राहिला.